सरांच्या तोंडात अडकलेला शब्द

१

हार खोटा निघाला, आणि तोही परदेशातल्या प्रदर्शनाला रवाना करायच्या आदल्या सकाळी.

पारखी म्हणून बोलावलेल्या गृहस्थांनी हाराच्या मागच्या बाजूला बारीकशी चीर पाडली, तिच्यावर थेंबभर आम्ल टाकलं आणि बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तांबं आहे," ते म्हणाले. "वर सोन्याचा मुलामा. काम सुरेख आहे, पण आहे तांबंच."

संग्रहालयाचे संचालक मटकन खुर्चीत बसले. दुसऱ्या दालनातली ती काचेची पेटी म्हणजे त्यांच्या संग्रहालयाचा जीव की प्राण. पेटीत हा हार: सोन्याची साखळी, सात तारे, आणि त्यांच्या मधोमध सोन्याच्या काठाचा निळ्या काचेचा चंद्र. मागे भिंतीशी, हाराबरोबरच उत्खननात सापडलेली ग्रीक अक्षरांची शिळा. आणि या दोन्हींच्या वर मोठ्या पाटीवर ते वाक्य: 'तिने आपलं जग देवीला दिलं. सात तारे, आणि वर चंद्र.' तिकिटावर तेच, पिशव्यांवर तेच, कपांवरही तेच. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ होतं.

पेटीत आणखी एक वस्तू मिळाली. मखमलीच्या उशीमागे, बाहेरून दिसणार नाही अशी पडलेली. काळ्या मुठीचं एक भिंग.

ते कोणाचं हे कोणाला विचारावं लागलं नाही. शिळेवरचा तो लेख वाचण्यात ज्यांनी उभी हयात घालवली, त्या सरांचं ते भिंग होतं.

"झालं तर मग," निरीक्षकबाई तपासाला आल्या तेव्हा संचालक म्हणाले. "मला फार वाईट वाटतं हो. माझेही ते गुरूच. पण त्यांनी पेटी उघडली होती, हे आता लहान मूलसुद्धा सांगेल."

"पेटीची चावी?"

"वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीत, खणात. नेहमीच्या जागी आहे. सरांना ठाऊक होती. ते आत-बाहेर करायचे, मी कधी अडवलं नाही."

"आणि ही नक्कल कुठून आली?"

"आमचीच. अस्सल हार सफाईला काढला की पेटी रिकामी दिसू नये म्हणून करून घेतली होती. तळघरातल्या कपाटात असायची. आता कपाट रिकामं आहे."

"बाहेर जाताना झडती होते ना सगळ्यांची?"

"माझीसुद्धा होते. पण सरांना कोण तपासणार? त्यांना बघून पहारेकरी उभा राहतो."

बाईंनी भिंग उलटसुलट करून पाहिलं. "मग सरांनाच विचारू या."

संचालकांनी एक लांब सुस्कारा सोडला. "विचारा. तुम्हाला एकच शब्द ऐकायला मिळेल."

२

महिन्याभरापूर्वी, संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी, सर त्याच दालनात त्याच पेटीसमोर कोसळले होते. मेंदूत रक्ताची गुठळी. तेव्हापासून उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. उरला तो एक शब्द.

सर एकटे. संसार केला नाही. घर थोरल्या बहिणीने सांभाळलेलं. तिला सगळेच आक्का म्हणत. आक्कांनी दार उघडलं तेच कपाळाला आठ्या घालून.

"चोर बघायला आलात? या. आत निजलाय तो चोर. पळून जायचा नाही, घाबरू नका."

सर खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसले होते. डोळे लख्ख होते. तेवढंच बघितलं असतं तर आजारी माणूस वाटला नसता.

निरीक्षकबाई खुर्ची ओढून बसल्या. "सर, हार कुठे आहे?"

"कोस्मोस," सर म्हणाले.

"तुम्ही घेतलात?"

"कोस्मोस!"

"कोणी घेतला ते माहीत आहे?"

"कोस्मोस, कोस्मोस, कोस्मोस!" डावा हात गादीवर आपटला. डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं नव्हतं, चडफडाटाचं होतं.

"पाणी हवं असलं तरी हेच," आक्का दारातून म्हणाल्या, "आणि नको असलं तरी हेच. दिवसभर माझ्या कानाशी हा एकच घोष. एकदा मीच ओरडले त्याच्यावर. मग दोघं रडत बसलो."

बाईंनी कागद-पेन्सिल पुढे केली. डाव्या हाताने नुसत्या रेघोट्या उमटल्या. अक्षरांची चित्रं दाखवली, तर सरांचं बोट भलत्याच अक्षरांवरून भिरभिरलं आणि शेवटी त्यांनी तक्ताच भिरकावून दिला.

तेवढ्यात सरांना बोलायला शिकवणारी बाई आली. रोज यायची. निरीक्षकबाईंनी तिला बाजूला घेतलं.

"या शब्दातून ते काही सांगताहेत का?"

"सांगायचं तर खूप आहे त्यांना, ते दिसतंच. पण शब्द हाच का, ते नाही सांगता येत," ती म्हणाली. "असे रोगी असतात. झटका येताना जो शब्द तोंडात होता तोच कधीकधी अडकून बसतो. कधीकधी हं, नेहमी नाही. मग सगळ्या अर्थांना तो एकच शब्द."

"म्हणजे त्याला अर्थ असेलही आणि नसेलही?"

"तसंच काहीसं."

निरीक्षकबाईंना चोर, दरोडेखोर, खोटे साक्षीदार सगळे परवडायचे. 'तसंच काहीसं' मात्र परवडायचं नाही. त्या निघाल्या तेव्हा भिंगाची आठवण झाली. पुरावा म्हणून ते त्यांच्या पिशवीतच होतं. आक्कांना दाखवलं.

"अगो बाई, सापडलं का हे!" आक्का म्हणाल्या. "त्या दिवसापासून शोधतेय. सकाळी चहा पिताना याच भिंगानं त्यानं पेपर वाचला, तसंच खिशात टाकून गेला. दवाखान्यातून कपडे आले, भिंग काही आलं नाही."

"त्या दिवशी सकाळी? नक्की?"

"पेपरातली चूक काढून मला दाखवली ना. तेच त्याचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. विसरेन कशी?"

३

कोस्मोस म्हणजे जग. एवढं निरीक्षकबाईंना कुणाला विचारावं लागलं नाही. पाटीवर 'जग'पुढे कंसात तोच मूळ शब्द दिलेला होता.

सरांच्या अभ्यासिकेत जग तीन ठिकाणी होतं. टेबलावर पृथ्वीचा गोल, भिंतीवर जुना नकाशा, आणि नकाशांचं एक जाडजूड पुस्तक. बाईंनी नकाशा उतरवला. मागे भिंत. पुस्तक पानन् पान झटकलं. एक वाळकं पान पडलं. मग गोलाची खिट्टी काढून त्याचे दोन भाग केले. आत धूळ.

"जोडून ठेवा तो जसाच्या तसा," आक्का फणकारल्या. "आमच्या वडिलांचा आहे."

गोल काही नीट जोडला गेला नाही. विषुववृत्तावर कायमची एक फट राहिली.

दुपारी संग्रहालयात निरीक्षकबाई सरांच्या पट्टशिष्येला भेटल्या. हे तिचं टोपणनाव, पण खुद्द संचालकही तिला त्याच नावाने हाक मारत. वय चाळिशीचं, बोलणं हळू, बोटं शाईने माखलेली. वीसेक वर्षं सरांच्या हाताखाली काढलेली, आणि सर निवृत्त झाल्यापासून संग्रहालयाची सूची तीच करत होती. या गावात सरांखेरीज ग्रीक येणारी ती एकटी.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"वर, ग्रंथालयात. धप्प आवाज आला म्हणून जिन्यात आले, तर सर खाली पडलेले. मी ओरडले." तिने ओठ घट्ट मिटले. "अजून डोळ्यांसमोरून जात नाही."

"कोस्मोस म्हणजे जग. एवढंच ना?"

तिने बोटांवरची शाई पुसली. "मुळात त्याचा अर्थ व्यवस्था. रचना, मांडणी. सगळं जिथल्या तिथे असणं. त्यावरून मग जग. सरांना तर पसारा अजिबात खपायचा नाही. मला वाटतं... म्हणजे माझा आपला अंदाज... खोलीतली कुठली तरी मांडणी बदललेली त्यांना सांगायची असेल. पुस्तकांची वगैरे."

निरीक्षकबाईंना धागा मिळाल्यासारखं झालं. त्या परत सरांच्या घरी गेल्या. फडताळातली सगळी पुस्तकं खाली काढली, मागच्या फळ्या ठोकून पाहिल्या, पुन्हा लावली, सरांना विचारत विचारत. "हे इथे होतं?" "कोस्मोस." "की इथे?" "कोस्मोस!" तिन्हीसांज झाली. पाठ धरली. हाती आलं ते एक झुरळ.

पोलीस ठाण्यात साहेब वाटच बघत होते. "भिंग मिळालं, पेटीत मिळालं, आणि तुम्ही पुस्तकं लावताय? नक्कल करणारा आणि हा म्हातारा दोघे सामील आहेत. दोघांवर गुन्हा दाखल करा."

"साहेब, तो माणूस बोलू शकत नाही."

"मग नाकारणारही नाही," साहेब म्हणाले. "परवापर्यंत थांबतो."

४

तळघरातला दुरुस्तीकार जुन्या वस्तूंची डागडुजी करायचा. नक्कल त्यानेच घडवली होती. साठीचा माणूस, गुडघे धरलेले, तोंडाने फटकळ.

"मी करायचीच असती चोरी तर स्वतःचीच नक्कल तिथे ठेवली असती काय?" तो म्हणाला. "आणि ठेवलीच असती तर चंद्र तरी सरळ केला असता."

"चंद्र सरळ म्हणजे?"

"अस्सल हारात चंद्राची टोकं वर आहेत. होडीसारखा. नकलेत मी मुद्दाम खाली केली. नक्कल नक्कल म्हणून ओळखू यायला नको? आमच्या धंद्यातली रीत आहे ती."

"आणि एवढे दिवस उलटा चंद्र कोणाच्या नजरेला आला नाही?"

"लोक हाराकडे बघतात कुठे! वरची पाटी वाचतात, 'वाहवा' म्हणतात नि पुढे जातात. आणि मी वर्षवर्ष वर जात नाही. हे गुडघे बघताय ना." त्याने मान खाली घातली. "गेलो असतो तर बरं झालं असतं, हे मलाही कळतंय."

"कपाटाची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"कसली किल्ली? कपाटाला नुसती कडी आहे. संचालक येतात, सर यायचे, ती पट्टशिष्या सूचीसाठी फोटो काढते ती येते."

बाई जिना चढून दुसऱ्या दालनात गेल्या. पेटीत चंद्र टोकं खाली करून लटकत होता, छत्रीसारखा. आपण दोनदा इथे उभ्या राहिलो आणि आपणही पाटीच वाचली, हे आठवून त्यांना स्वतःचाच राग आला.

संचालक मागून आले. बोलावं की नाही अशा विचारात दिसत होते.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "आजारपणाच्या आधी सर माझ्याशी भांडले होते. पाटी बदला म्हणत होते."

"हीच पाटी? भाषांतर त्यांचंच ना?"

"तेच तर! स्वतःचंच वाक्य स्वतःच खोडायला निघाले. जग हा शब्द चुकला म्हणाले. मी म्हटलं, सर, एवढे कप छापलेत."

"जगाच्या जागी काय लिहा म्हणाले?"

संचालक ओशाळले. "मी नीट ऐकलंच नाही. पट्टशिष्येला विचारलं. ती म्हणाली, सरांचं वय झालंय, अलीकडे गोंधळतात, मनावर घेऊ नका. मग मी ते सोडून दिलं."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"खाली दरवाज्याजवळच्या खोलीत, छपाईवाल्याशी फोनवर. नव्या तिकिटांचं चाललं होतं." त्यांनी वर पाटीकडे पाहिलं. "त्याच वाक्याच्या."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षकबाई सरांच्या घरी गेल्या त्या कशासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. विचारायला काही उरलं नव्हतं. आक्का औषधं आणायला निघाल्या होत्या. उन्हात म्हातारीला एकटीला कुठे सोडायचं म्हणून बाई बरोबर गेल्या.

औषधांच्या दुकानात गर्दी होती. आक्का खिडकीशी हुज्जत घालत होत्या. बाई पायरीवर उभ्या राहून, वेळ जावा म्हणून, समोरची पाटी वाचत राहिल्या. 'औषधे व कॉस्मेटिक्स'. खाली काचेच्या कपाटात काजळ, पावडर, टिकल्या, केसांच्या चापांची माळ.

कॉस्मेटिक्स.

त्यांनी पाटी पुन्हा वाचली. मग फोन काढला.

शेजारच्या शहरातल्या विद्यापीठात ग्रीक शिकवणारे एक वृद्ध प्राध्यापक होते. त्यांचा नंबर मिळवायला बाईंना तिघांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या. पण प्राध्यापकांना एकदा प्रश्न कळला आणि त्यांचा आवाज तरुण झाला.

"अहो, एकच मूळ! कोस्मोस म्हणजे आधी नीट लावणं, नीट मांडणं. सैन्याची रांग लावली तरी कोस्मोस. बाईनं नटूनथटून अंगावर साज चढवला तरी कोस्मोस. मग कोणाला तरी वाटलं, हे तारे, हा चंद्र, हे सगळंही कसं नीट मांडलंय, सजवलंय! म्हणून त्यालाही कोस्मोस. जग हा अर्थ मागाहून आला. आम्ही सगळे आधी जगाकडे धावतो, ही आमची खोड."

"म्हणजे या शब्दाचा अर्थ दागिना?"

"दागिने. साज. देवळांच्या लेखांत तर सर्रास. कोणी देवीला काय वाहिलं ते तिथे कोरलेलं असतं."

बाईंनी शिळेचा फोटो पाठवला. पलीकडून पुटपुटत अक्षरं लावल्याचा आवाज आला. मग प्राध्यापक सावकाश, शब्द तोलत बोलले.

"'हिने आपला साज देवीला दिला. सात तारे, आणि मधोमध टोकं वर असलेला चंद्र.' यात जग कुठलं आलं? हे एका हाराचं वर्णन आहे, बाई. शब्दाशब्दाने."

"पाटीवर लिहिलंय, 'आणि वर चंद्र'."

"एकदा जग म्हटलं की चंद्र आकाशात वर जाणारच! 'वर' आहे ते टोकांना, चंद्राला नाही. तुमच्या सरांनी तरुणपणी केलं असेल हे. त्या वयात सगळ्यांना जगच दिसतं."

निरीक्षकबाई फोन ठेवून पायरीवर तशाच उभ्या राहिल्या. आक्का औषधांची पुडी घेऊन आल्या.

"काय झालं? ऊन लागलं का?"

"आक्का, सर घरी कधी ग्रीक बोलायचे?"

"माझ्याशी? छे! मला काय कळतंय त्यातलं? उगाच शहाणपण दाखवणारा नव्हता तो. ज्याला जे कळतं त्याच्याशी त्या भाषेत बोलायचं, असं त्याचं."

बाईंनी पुडी त्यांच्या हातातून घेतली. चालता चालता त्या एवढंच म्हणाल्या, "आम्ही इतके दिवस शब्दाचा अर्थ शोधत बसलो. तो शब्द सर कोणाशी बोलले, हे कोणी विचारलंच नाही."

६

दुपारी दुसरं दालन बंद ठेवलं. संचालक, दुरुस्तीकार आणि पट्टशिष्या पेटीपाशी उभे होते. गुडघ्यांपायी दुरुस्तीकाराला खुर्ची दिली होती.

"हे भिंग सरांच्या हातात त्या दिवशी सकाळी होतं," निरीक्षकबाई म्हणाल्या. "आक्कांनी पाहिलंय. म्हणजे पेटी त्याच दिवशी उघडली गेली. उघडली सरांनीच, हे मला मान्य आहे. संचालकसाहेब, सर सापडले तेव्हा पेटी कशी होती?"

"बंद. कुलूप लावलेलं."

"आणि चावी?"

"खणात..." संचालकांचं वाक्य तोंडातच राहिलं.

"इथे जमिनीवर पडलेल्या, अर्धं अंग गेलेल्या माणसाने पेटीला कुलूप लावलं, जिना चढून चावी तुमच्या खणात ठेवली, आणि परत येऊन पडला? हे भिंग पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होतं, आणि मी गोल उघडत बसले होते." त्या चिडून हसल्या. "सरांजवळ कोणीतरी होतं. त्याने कुलूप लावलं, चावी जागेवर ठेवली. उशीमागे गेलेलं भिंग मात्र त्याला दिसलं नाही."

दुरुस्तीकार खुर्चीत सरसावून बसला. "माझ्याकडे नका बघू. हा जिना मी एका दमात चढलो तर बक्षीस द्या मला."

"तुमच्याकडे बघत नाही. सर कोसळताना त्यांच्या तोंडात एक ग्रीक शब्द होता. सर ग्रीक कोणाशी बोलायचे? तुमच्याशी नाही, संचालकांशी नाही, सख्ख्या बहिणीशीही नाही." बाई वळल्या. "कोस्मोस म्हणजे काय, पुन्हा सांगता का मला?"

पट्टशिष्येचा आवाज कसाबसा निघाला. "जग. आणि व्यवस्था."

"आणि?"

तिने शाईची बोटं मुठीत लपवली.

"हा पुरावा नाही, मला माहीत आहे. शब्द कुठलाही अडकू शकतो, असं मला सांगितलंय. पण औषधाच्या दुकानाच्या पाटीवरून जो तिसरा अर्थ मला कळला, तो वीस वर्षं ग्रीक वाचणाऱ्या बाईने मला सांगितला नाही. दोन अर्थ दिलेत, आणि मला पुस्तकं आवरायला पाठवलंत. तोच तिसरा अर्थ सर पाटीवर घाला म्हणत होते, तेव्हा तुम्ही संचालकांना सांगितलंत, सर गोंधळतात. का?"

"कारण साज म्हटलं की..." ती बोलली, मग थांबली, मग जसं काही बांध फुटावा तसं बोलत सुटली. "साज म्हटलं की जो तो शिळा वाचून हाराकडे बघणार. टोकं वर लिहिलंय आणि इथे टोकं खाली आहेत. सगळ्यांना दिसणार!"

"अस्सल हार कुठे आहे?"

"मी चोरला नाही हो! सूचीसाठी फोटो काढत होते. कापडावरून घसरला. चंद्राची काच... तीन तुकडे झाले. मला सुचेना. दुरुस्त होईपर्यंत म्हणून नक्कल ठेवली. मग सांगायला दिवस लोटले, आणि जितके दिवस लोटले तितकं सांगणं अवघड होत गेलं. खापरांच्या ट्रेमध्ये आहे. वरच, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. त्या खापरांना कोणी हात लावत नाही."

दुरुस्तीकार कळवळून म्हणाला, "अगं, माझ्याकडे आणायचा! काच जोडणं हेच तर माझं काम!"

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"आणि त्या दिवशी?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"सरांनी पेटी उघडून मला बोलावलं. आनंदात होते. 'कोस्मोस! जग नव्हे गं, साज! इतकी वर्षं चुकलो, आता हारावरच ताडून दाखवतो!' असं म्हणत भिंग लावून हार बघायला लागले. आणि मग चंद्र दिसला त्यांना. वळून माझ्याकडे पाहिलं. मी रडायला लागले, 'सर, कुणाला सांगू नका' अशी विनवणी केली. ते पुन्हा तेच म्हणत राहिले, कोस्मोस, कोस्मोस, आणि तोंड वाकडं झालं, आणि..."

"आणि तुम्ही ओरडलात?"

"आधी कुलूप लावलं," ती म्हणाली. "चावी वर नेऊन ठेवली. ग्रंथालयात जाऊन बसले. वाटलं, भोवळ आली असेल, उठतील आपले आपण. मी आवाजाची वाट बघत होते. आवाज आला नाही."

"किती वेळ?"

"नाही माहीत."

संचालकांनी तोंड फिरवलं. सरांच्या डॉक्टरांचं म्हणणं सगळ्यांना ठाऊक होतं. जरा लवकर आणलं असतं तर वाचा राहिली असती.

७

साहेब खूश झाले. वस्तू मिळाली, इमारतीबाहेर गेलीच नव्हती, काच जोडता येण्यासारखी होती. "म्हणजे चोरी झालीच नाही म्हणायची," ते म्हणाले. "उत्तम. मिटवून टाका."

"झाली की, साहेब."

"कसली?"

निरीक्षकबाईंनी कलमं चाळली होती. हार जागचा हलवला, खोटं सांगितलं, याला कलमं होती. एक माणूस जमिनीवर पडलेला असताना जिना चढून जाऊन ग्रंथालयात बसणं, याला त्यांना धड काही लागू करता येईना. डॉक्टर लिहून द्यायला तयार नव्हते. 'वाचा राहिली असतीच असं छातीठोकपणे कसं सांगणार?' पुन्हा तेच, तसंच काहीसं. त्यांनी कागद टेबलावर आपटले आणि त्या आक्कांकडे गेल्या.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मग उठून आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला, मग आणखी एक.

बाहेर आल्या तेव्हा पदराने हात पुसत होत्या. "तिला तुरुंगात घालणार?"

"नोकरी गेली. बाकी खटला चालेल. किती टिकेल, देव जाणे."

"मग मोकळीच आहे म्हणायची सध्या. इकडे पाठवा तिला."

बाई बघतच राहिल्या. "आक्का, तिच्यामुळेच..."

"तुम्ही मला सांगू नका कोणामुळे ते! माझा राग माझ्याबरोबर जाईल." त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "रोज दुपारी मी त्याला पेपर वाचून दाखवते. तो तोंड फिरवून भिंतीकडे बघतो. त्याला त्याचं ते वाचायला हवंय. मला येत नाही. तुम्हाला येतं? या गावात कोणाला येतं?"

पट्टशिष्या आली. दारातच उभी राहिली. आक्का तिला 'ये' म्हणाल्या नाहीत, 'बस' म्हणाल्या नाहीत. पलंगाशेजारच्या खुर्चीकडे नुसतं बोट दाखवलं.

तिला बघताच सरांचा चेहरा लाल झाला. "कोस्मोस!" ते ओरडले. डाव्या हाताने त्यांनी चादर ओढली, उशी ढकलली, तोंडाला फेस येईपर्यंत तो एकच शब्द तिच्या अंगावर फेकत राहिले. ती मान खाली घालून बसून राहिली. निरीक्षकबाई पुढे झाल्या, तर आक्कांनी त्यांचा दंड धरला. "ओरडू दे. साचलंय त्याचं."

ओरडून थकल्यावर सरांनी मान टाकली. मग पट्टशिष्येने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. आवाज इतका कापत होता की शब्द तुटत होते. सर भिंतीकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांचं डावं बोट वर झालं. ती थांबली. तिने तीच ओळ पुन्हा वाचली, या वेळी एका शब्दावर वेगळा जोर देऊन. बोट खाली गेलं. सर आता तिच्याकडे नाही, पण पुस्तकाकडे बघत होते.

आक्का आणि निरीक्षकबाई स्वयंपाकघरात बसून ऐकत होत्या. त्यातलं अक्षर दोघींनाही कळत नव्हतं. वाचन चालू होतं, मध्येच अडत होतं, पुन्हा मागे जाऊन चालू होत होतं.

"तुम्ही तिला माफ केलंत, आक्का," बाई हळूच म्हणाल्या.

"माफ कुठली करतेय!" आक्कांनी दोन कपांत चहा ओतला. दोनच. "कामाला लावलीय तिला."